घरातली दुसरी प्रत

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची दुपार. म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातील आमच्या घरी एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट चालू होता. माझ्या सासूबाई मूळच्या कोल्हापूरच्या. वय ८६. वर्षातून दोन-तीनदा त्या हा चित्रपट लावायला सांगतात आणि त्यातील जत्रेचा प्रसंग आला की खुर्ची पुढे ओढून बसतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरात या प्रसंगाचे चित्रीकरण झाले, तेव्हा गर्दीसाठी रोजंदारीवर माणसे हवी होती. सासूबाईंचा धाकटा भाऊ त्यांपैकी एक. जत्रेच्या गर्दीतून तो पुढे येतो, कॅमेऱ्याकडे चोरून पाहतो, हसतो आणि पुन्हा गर्दीत दिसेनासा होतो. पुढे तीन वर्षांतच तो गेला. त्याचे छायाचित्र घरात एकच आहे, तेही शाळेतल्या वर्गाबरोबरचे. हालचाल करणारा, हसणारा भाऊ त्यांना पाहायला मिळतो तो फक्त त्या चित्रपटात.

त्या दुपारी जत्रा सुरू झाली आणि पडद्यावरच्या चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. यंत्र घरघरले आणि थांबले. तबकडी पुसली, पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी तेच. सासूबाई काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “राहू द्या जावईबापू. तिचंही वय झालं असेल.”

ज्या कंपनीने ती डीव्हीडी काढली होती, तिला मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. चित्रपटाचे आणि कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. तसा तो असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. दुकानदाराने सांगितले की, हा माल येणे बंद होऊन कित्येक वर्षे झाली. इंटरनेटवर शोधले तेव्हा एक प्रत सापडली. ती कुठल्याशा वाहिनीसाठी कापलेली होती, कोपऱ्यात बोधचिन्ह होते, चित्र धूसर होते, आणि कात्री नेमकी जत्रेवर चालली होती. चित्रपट जगात होता. सासूबाईंचा भाऊ मात्र त्यात नव्हता.

तीन दशकांहून अधिक काळ मी शासकीय सेवेत काढला. त्याआधी धारवाडला इतिहासाचा विद्यार्थी होतो. दस्तऐवज कसा नष्ट होतो, हे मला या दोन्ही ठिकाणी शिकायला मिळाले. तरीही आपल्या कपाटातील सुमारे दोनशे तबकड्यांकडे मी कधी दस्तऐवज म्हणून पाहिले नव्हते. विकत घेतलेली वस्तू आपल्यापाशी राहणार, हे गृहीत धरले होते.

हे गृहीत धरण्यात मी एकटा नव्हतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीसीडी आली आणि पाठोपाठ डीव्हीडी. घरोघरी दोन्हींना सीडीच म्हणत. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली आणि बाजाराचे गणित पालटले. एका तिकिटाच्या पैशांत चित्रपट घरी येऊ लागला. मराठी, कन्नड, तमिळ असे भाषांचे कितीतरी जुने चित्रपट प्रथमच सामान्य कुटुंबाच्या मालकीचे झाले. ही लाट दहा वर्षांत ओसरली. मोझर बेअरच २०१८मध्ये अवसायनात गेली. तबकडी वाचणारे यंत्र आता नव्या संगणकांत नसते. आणि जे चित्रपट त्या काळात तबकडीवर आले, ते सगळेच पुढे ओटीटीवर आले असे नाही. जे आले, तेही उद्या तेथे असतील याची हमी कोणी देत नाही. तेथे आपण वर्गणी भरतो ती पाहण्याची. ठेवून घेण्याची नव्हे.

तबकडी मरते कशी, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. डीव्हीडी म्हणजे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. डिंक सुटला किंवा कडेने दमट हवा शिरली की तो थर गंजू लागतो. व्हीसीडीची गोष्ट वेगळी. तिचा धातूचा थर लेबलाच्या बाजूला, नुसत्या रोगणाखाली असतो. आपण जन्मभर चकचकीत बाजू जपतो आणि लेबलाची बाजू टेबलावर घासतो. खरा धोका नेमका तिकडून असतो. घरी लिहिलेल्या तबकड्यांत तर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने विटतो.

आता या वस्तूच्या आयुष्याशेजारी कायद्याचे आयुष्य ठेवून पाहा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यानंतर तो सर्वांचा होतो. १९५३च्या ‘श्यामची आई’वरील हक्क २०१३च्या अखेरीस संपला, १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’वरील २०१९च्या अखेरीस. कायद्याचा करार असा आहे की, साठ वर्षे निर्मात्याने कमाई करावी आणि त्यानंतर ती कृती समाजाला मिळावी. परंतु पंचवीस-तीस वर्षांत तबकडी गेली, निर्मात्याकडची मूळ फिल्म गोदामात सडली आणि मधल्या काळात कोणी प्रत केलीच नाही, तर साठ वर्षांनंतर समाजाच्या हाती नेमके काय येते?

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. कन्नड भाषेतील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत चित्रित झाला आणि मार्च १९३४मध्ये बेंगळुरूत प्रदर्शित झाला. वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सुब्बय्या नायडू आणि आर. नागेंद्रराव यांच्या भूमिका होत्या. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. १९३१च्या ‘आलम आरा’ची नाही. बाबूराव पेंटरांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’ची नाही. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८च्या जाळपोळीत सापडला. पुण्यात जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या रिळांची राख झाली. म्हैसूरकरांच्या आठवणीतील आग त्याहून भयंकर होती. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुल्तान’ या मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान आग लागून ६२ माणसे मृत्युमुखी पडली. माणसांपुढे फिल्मची किंमत शून्य. परंतु जिथे चित्रपट बनतात, तिथे तो किती सहज जळू शकतो, हे या शहराने पाहिले आहे.

तर मी प्रत करायला शिकलो. शिकवणारी होती शेजारची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. तिने पहिल्याच दिवशी माझा एक गैरसमज दूर केला. “अंकल, तुम्हाला प्रत हवी आहे की सारांश?” तिने विचारले. पूर्वी बाजारात प्रती करून देणारे लोक ८.५ जीबीची दुहेरी थराची डीव्हीडी पिळून ४.७ जीबीच्या कोऱ्या तबकडीवर बसवत. त्यासाठी चित्रातील बारकावे पुसावे लागत, कधी उपशीर्षके आणि दुसऱ्या भाषेचा ध्वनीही काढून टाकावा लागे. हार्ड डिस्क महाग होती तेव्हा याला काही अर्थ होता. आज १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा शंभराहून अधिक तबकड्या जशाच्या तशा मावतात. मुळातच आपली डीव्हीडी म्हणजे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र. व्हीसीडी तर ३५२ गुणिले २८८. त्यातून आणखी काही वजा करणे म्हणजे गरिबाच्या घरी चोरी करणे.

म्हणून चांगल्या प्रतीचा पहिला नियम, मुळात आहे ते सगळे घ्यायचे. चित्र, सर्व ध्वनिपट्ट्या, उपशीर्षके, अनुक्रमणिका, अगदी सुरुवातीचा प्रमाणपत्राचा फलकही. दुसरा नियम, पडताळणी. संगणक प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा काढून देतो, त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसाच. एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो. प्रत केली त्या दिवशी तो नोंदवून ठेवायचा आणि वर्षातून एकदा ताडून पाहायचा. तिसरा नियम मला सरकारी अभिलेख कक्षाने आधीच शिकवला होता. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे. दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरात, दुसऱ्या गावात हवी. ज्या कपाटाला आग लागते, त्यात मूळ आणि नक्कल दोन्ही असू नयेत.

सासूबाईंच्या तबकडीला मात्र हे नियम लागू करण्याआधी ती वाचली जाणे आवश्यक होते. एकथरी डीव्हीडीवर २,०४८ बाइटचे सुमारे २३ लाख कप्पे असतात. आम्ही वापरलेला मुक्त स्रोतातील कार्यक्रम आधी सुस्थितीतील कप्पे झरझर वाचतो आणि मग न वाचलेल्यांपाशी परत परत जातो, हळू वेगाने, पुढून, मागून. कोणते कप्पे मिळाले आणि कोणते नाही, याचा नकाशाही तो ठेवतो. रात्रभर यंत्र चालले. सकाळी नकाशात सुमारे ४१ हजार कप्पे कोरे होते. हिशेब केला तर चित्रपटाची जवळजवळ अडीच मिनिटे. जत्रा.

माझ्या पत्नीने कोल्हापूरला भावाला फोन लावला. त्याच्याकडे त्याच कंपनीची, त्याच काळात घेतलेली तबकडी होती. “दाजी, माझी सीडी मामा दिसतोय तिथंवर बरी चालते,” मेहुणे म्हणाले, “पुढं शेवटाकडं अडकते.” कुरिअरने ती म्हैसूरला आली. ती यंत्रात घातली आणि जुनाच नकाशा पुढे ठेवला. कार्यक्रमाने फक्त कोरे कप्पे मागितले. पहिल्या तबकडीचा जो भाग गेला होता तो दुसरीत होता. दुसरीचा जो गेला होता तो पहिलीतून आधीच हाती आला होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पाहताना एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, १८९१मध्ये स्थापन झालेली प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. १९०५च्या सुमारास तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती तंजावर भागातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील एक ताडपत्र पोथी दिली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची निघाली. शतकानुशतके केवळ नावाने माहीत असलेला ग्रंथ १९०९मध्ये म्हैसूरहून छापून प्रसिद्ध झाला. ती पोथी अर्थातच कौटिल्याच्या हातची नव्हती. प्रतीवरून केलेल्या प्रतीवरून केलेली ती प्रत होती. ताडपत्र आपल्या हवेत काही शतकेच टिकते. म्हणून दर काही पिढ्यांनी कोणीतरी अनामिक लेखक बसून ते पुन्हा उतरवून काढत असे. त्या साखळीतील एक कडी तुटली असती, तर आज आपण अर्थशास्त्राविषयी बोलत नसतो. पुढे आणखी हस्तलिखिते मिळाली, आणि ती ताडून पाहून रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६०पासून तीन भागांत प्रसिद्ध केली. एका पोथीतील गळलेली ओळ दुसरीतून भरून काढायची, हीच ती पद्धत. आमच्या दोन सदोष तबकड्यांचे संगणकाने तेच केले.

म्हैसूरमध्येच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभिलेख शाखेचे मुख्यालय आहे. ते १९६६मध्ये उदकमंडलमहून येथे आले. तेथे शिलालेखांचे कागदी ठसे ठेवले आहेत. शिळा धुऊन तिच्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशाने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा आणि वरून शाई फिरवायची. कितीतरी शिळा पुढे रस्त्यांच्या कामात, धरणांच्या पाण्यात, घरांच्या पायांत गेल्या. आज त्या लेखांचे अस्तित्व फक्त त्या काळ्या कागदांवर आहे. या कागदांना ‘नक्कल’ म्हणून कोणी हिणवत नाही. ते ठेवण्यासाठी सरकार इमारत आणि पगार देते.

मग घरातील प्रतीविषयी आपल्या मनात चोरटेपणाची भावना का असते? याचे उत्तर कायद्यात शोधायला हवे, आणि तेथे ते सरळ मिळत नाही.

२०१२पूर्वी कॉपीराइट कायद्यातील ‘न्याय्य वापरा’ची सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरती होती. २०१२च्या दुरुस्तीने ती संगणक-आज्ञावली सोडून ‘कोणत्याही कृती’ला लागू केली, म्हणजे चित्रपटही आला. कलम ५२(१)(अ)नुसार खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हा भंग ठरत नाही, आणि त्या प्रयोजनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हाही नाही. वाचताना वाटते, प्रश्न मिटला. परंतु संपूर्ण चित्रपटाची संपूर्ण प्रत ‘न्याय्य’ ठरते का, हे कलमात लिहिलेले नाही. गंमत अशी की, संगणक-आज्ञावलीच्या बाबतीत विधिमंडळाला हा प्रश्न सुचला होता. हानी, नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याचा हक्क तिच्या कायदेशीर धारकाला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. हिशेबाचा कार्यक्रम विकत घेणाऱ्याला जे स्पष्टपणे मिळाले, ते चित्रपट विकत घेणाऱ्याने दोन ओळींच्या मधून वाचून काढायचे आहे.

दुसरा प्रश्न कुलपाचा. बऱ्याच डीव्हीडींवर सांकेतिक कुलूप असते. माझ्या संग्रहात काहींवर होते, काहींवर नव्हते. सासूबाईंच्या तबकडीवर ते नव्हते, एवढे आमचे नशीब. २०१२मध्येच आलेले कलम ६५अ सांगते की, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप चुकवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढच्याच उपकलमात म्हटले आहे की, या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी तसे करण्यास आडकाठी नाही. मात्र त्यासाठी दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. माझ्या शेजारच्या मुलीला मी हे वाचून दाखवले. कुलूप असलेली तबकडी तिने कोणासाठी उघडली असती, तर तिला नोंदवही ठेवावी लागली असती. ती हसली. मी मात्र आयुष्यभर नोंदवह्या पाहिल्या आहेत. मला त्या कलमामागची सावध बुद्धी ओळखीची वाटली.

आपला कायदा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. किंबहुना तो अनेकांपेक्षा समजूतदार आहे. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा केला. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची घरगुती प्रत करण्यासाठी सूट मिळावी, ही मागणी तेथे वारंवार फेटाळली गेली. जर्मनीत खासगी प्रतीला मुभा आहे आणि त्याबद्दल उपकरणांच्या किमतीतून मोबदला घेतला जातो, पण कुलूप असेल तर मुभा संपते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४मध्ये खासगी प्रतीला मान्यता दिली आणि जुलै २०१५मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नॉर्वेमध्ये डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या कार्यक्रमाच्या निर्मितीत सहभागी असलेल्या योन योहान्सन या तरुणावर खटला चालला. २००३मध्ये दोन न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडले. आपण विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा माणसाला अधिकार आहे, हा त्यातील गाभा होता.

येथे मला एका जुन्या प्रसंगाची कबुली द्यायला हवी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका तालुक्याच्या गावी नेमणुकीवर होतो. व्हिडिओ चोरीविरुद्ध १९८४मध्ये कायदा कडक झाला होता आणि व्हिडिओ लायब्ऱ्यांवर छापे पडत होते. एकदा जप्त केलेल्या कॅसेट नष्ट करायच्या होत्या, आणि त्या वेळी मी हजर होतो. कचेरीच्या मागे खड्डा खणला होता. ढिगाऱ्यातील दोन कॅसेटवर निळ्या शाईने, कन्नडमध्ये, वधूवरांची नावे लिहिलेली मला दिसली. लग्नाचे चित्रण प्रत काढण्यासाठी कोणीतरी त्या दुकानात दिले असणार. यादीत नुसती संख्या होती, वर्णन नव्हते. थांबा म्हणायला मला एक वाक्य पुरले असते. मी म्हटले नाही. संख्या जुळली, कागदावर सही झाली. ते जोडपे आज माझ्याच वयाचे असेल. कायद्यात बारीक फरक लिहिलेला नसला की, अंमलबजावणी करणारा माणूस ढोबळ हाताने काम करतो, हे मी त्या खड्ड्यापाशी शिकलो. कामाचे मात्र ते आज येत आहे.

चित्रपटचोरी हा खराच गुन्हा आहे. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी चित्रपटगृहात कॅमेरा लावणाऱ्याने कित्येक कामगारांचे पैसे पळवलेले असतात. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने त्यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु विकण्यासाठी किंवा वाटण्यासाठी केलेली प्रत आणि टिकवण्यासाठी केलेली प्रत यांत फरक आहे आणि तो ओळखणे अवघड नाही. पहिली घराबाहेर जाते. दुसरी कपाटात राहते. माझ्यासारख्यालाही एक प्रश्न टोचतो, तो लपवत नाही. मेहुण्यांची तबकडी वापरून मी माझी पूर्ण केली. दोघांनीही पैसे मोजले होते, दोघांकडेही तीच कृती होती. मला ते न्याय्य वाटते. पण ‘वाटते’ या शब्दावर नागरिकाने का विसंबावे?

म्हणून तीन सूचना. पहिली, कलम ५२मध्ये एक वाक्य घालावे. चित्रपटाची किंवा ध्वनिमुद्रणाची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याने ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून, स्वतःसाठी, केलेली प्रत हा भंग नव्हे. आणि त्यासाठी कुलूप उघडणे हाही नव्हे. संगणक-आज्ञावलीच्या कलमातील शब्द तयार आहेत, नवे शोधावे लागणार नाहीत. दुसरी सूचना ग्रंथांकडून घ्यावी. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. चित्रपटासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाची एक उत्तम डिजिटल प्रत राष्ट्रीय संग्रहात जमा व्हावी. अशा जतनाचे फळ काय असते, हे २०२४मध्ये दिसले. गिरीश कासरवल्ली यांचा १९७७चा ‘घटश्राद्ध’ नव्याने उजळून व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, कारण त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात सांभाळलेली होती. तिसरी सूचना राज्य सरकारांना. जिल्हा ग्रंथालयांत तबकडी वाचणारी दोन-चार चांगली यंत्रे आणि एक प्रशिक्षित माणूस ठेवावा. लोक कपाटांतून काय काय घेऊन येतील, याचा अंदाज मुंबईत किंवा बेंगळुरूत बसून येणार नाही. चित्रपट येतील, तशीच लग्ने, बारशी, बंद पडलेल्या नाटकमंडळ्यांचे प्रयोग आणि गावच्या जत्राही येतील.

ही कामे होतील तेव्हा होतील. तोवर वाचकांना एवढेच सुचवतो की, या महिन्यात कपाट उघडा. तबकड्या उजेडात धरून पाहा. थराला टाचणीएवढी भोके दिसली, कडेला तपकिरी छटा आली असेल तर वेळ थोडा आहे. जे अन्यत्र मिळत नाही ते आधी हाताळा.

आमच्या तबकडीचे सांगायचे राहिले. दोन्ही वाचून झाल्यावर ४१ हजारांपैकी २१२ कप्पे शेवटपर्यंत कोरे राहिले. साधारण पाऊण सेकंद. ते जत्रेच्या प्रसंगातच आहेत, पाळण्याच्या दृश्यात. तेथे चित्र क्षणभर विस्कटते. मी ते तसेच ठेवले आहे आणि प्रतीसोबतच्या टिपणात त्याची जागा नोंदवली आहे. गळलेल्या ओळीच्या जागी संपादक स्वतःची ओळ घालत नाही. एक प्रत म्हैसूरला आहे. दुसरी कोल्हापूरला, मेहुण्यांची तबकडी परत पाठवली तिच्यासोबत गेली. तिचा शेवट आता अडकत नाही.

सासूबाईंनी चित्रपट पुन्हा पाहिला तो श्रावणात. जत्रा आली, गर्दी हलली, तो तरुण पुढे आला, त्याने चोरून पाहिले आणि हसला. त्यानंतरचा पाळणा विस्कटला, तो त्यांच्या लक्षातही आला नाही. “शर्ट माझ्या यजमानांचा आहे त्याच्या अंगात,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मागून नेला होता. परत द्यायचा राहिला.”

हा चित्रपट आम्ही त्यांच्यासोबत गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. शर्टाची गोष्ट त्या दिवशी प्रथमच कळली. प्रतीसोबतच्या टिपणात मी तीही लिहून ठेवली आहे.